भिंतीत स्क्रू टिकत का नाही? मशीन बदलण्याआधी भिंत ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलच्या भिंतीवर शेल्फ लावलं: ६ मिमीचं भोक, प्लास्टिकचा प्लग, दीड इंची स्क्रू. घट्ट करताना एक प्लग आतल्या आत फिरायला लागला आणि बाकीचे महिन्याभरात सैल झाले. मग तेच मशीन घेऊन खिडकीच्या वर पडद्याचा रॉड लावायला गेलात, तर बिट दीड सेंटिमीटर आत गेला आणि अडला तो अडलाच. आता जास्त ताकदीचं मशीन घ्यावं का?

हॉलच्या भिंतीसाठी अजिबात नको. तिथे जास्त ताकदीचं मशीन वापरलंत तर भोक आणखी बिघडेल. खिडकीच्या वर मात्र तुमची शंका बरोबर आहे, पण का ते समजून घ्या. दोन्ही ठिकाणी भिंतीला रंग एकच असला तरी आत दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दीड सेंटिमीटर हा आकडाच सगळं सांगतो. घरातल्या प्लास्टरची जाडी साधारण १२ ते १५ मिमी असते. म्हणजे खिडकीवर तुमचा बिट फक्त प्लास्टर भेदून थांबला. खिडकी-दरवाजाच्या वर भिंतीचं वजन पेलायला लिंटेल असतं, आणि ते बहुतेक घरांत सळया घातलेल्या काँक्रीटचं असतं. हॉलमध्ये उलट झालं. भोक सहज पडलं म्हणून तुम्ही खूश झालात, पण ३० मिमी लांबीचा प्लग भिंतीच्या पृष्ठाशी सपाट बसवला, तर त्यातला निम्मा प्लास्टरमध्येच राहिला. प्लास्टर म्हणजे वाळू-सिमेंटचा पातळ थर; त्याच्यात प्लग फुगवला की तो दाब सहन करण्याऐवजी भुगा होतो. राहिलेले १५ मिमी विटेत गेले असतील, किंवा नशीब वाईट असेल तर दोन विटांमधल्या सांध्यात.

आधी प्लग नेमकं काय करतो ते बघू. स्क्रूला विटेत किंवा काँक्रीटमध्ये स्वतःचे आटे पाडता येत नाहीत, म्हणून मध्ये एक मऊ पण चिवट वस्तू लागते. पूर्वी सुतार लाकडाचा गुटका ठोकत. तो सुकला की आकसतो, शिवाय स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरतो, आणि त्या दिशेने लाकूड स्क्रूला सगळ्यात कमी धरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांचा प्लग काढला. रॉल प्लग हे नाव तिथूनच आलं. १९५८ साली जर्मनीत आर्तुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग बनवला आणि आज आपण वापरतो ते सगळे त्याचेच वंशज. स्क्रू आत शिरतो, प्लगचे दोन-तीन भाग फाकतात आणि भोकाच्या भिंतीवर दाबून बसतात. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्यावर तुमचं शेल्फ उभं असतं. म्हणून भोक अर्धा मिमी मोठं झालं, आत भुगा राहिला, किंवा आजूबाजूचा माल पोकळ निघाला, की घर्षण गेलं. प्लगला दोष देऊन उपयोग नाही. अर्थात, नखाने दाबला की चेपणारे, मूठभर पिशवीत मिळणारे पातळ प्लगही असतात. ते मी फोटोफ्रेमच्या पुढे वापरत नाही. नायलॉनचा प्लग हातात घेतला की फरक लगेच कळतो.

आता भिंत ओळखायची कशी? टकटक करून थोडा अंदाज येतो, पण खरी माहिती भुग्यातून मिळते. पहिलं भोक हळू पाडा आणि बाहेर काय येतंय ते बघा. सुरुवातीला करडी वाळूसारखी पूड येईल, ते प्लास्टर. त्यानंतर लाल किंवा विटकरी पूड आली तर भाजलेली वीट. करडी वाळू शेवटपर्यंत येतच राहिली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा चालला, तर तुम्ही सांध्यात आहात. तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली सरका. पिठासारखी बारीक राखाडी पूड येतेय, बिट तापतोय आणि पुढे जात नाहीये, तर काँक्रीट. पांढरी किंवा फिकट करडी पूड ढिगाने येतेय आणि जोर लावावाच लागत नाही, तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक, ज्याला बरेच जण सिपोरेक्स म्हणतात. आणि तीनेक सेंटिमीटरनंतर बिट एकदम धसकन आत गेला, तर पोकळ ब्लॉक.

पहिलं भोक नेहमी ४ किंवा ५ मिमीच्या बिटाने घ्यावं असं मी सांगतो, त्याचं कारण हेच. ते चाचणीचं भोक असतं. जागा चुकली तर बुजवायला सोपं, जागा बरोबर असेल तर ६ किंवा ८ चा बिट त्याच वाटेने सरळ जातो.

काँक्रीट आणि मशीन. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक, जलद हादरे देतात. तुम्ही मागून रेटलंत तरच तो हादरा भिंतीपर्यंत पोचतो. विटेला हे पुरतं. काँक्रीटमध्ये खडी असते आणि खडीवर हा बिट नुसता घासत बसतो. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, तो हवेच्या दाबाने बिटाच्या बुडावर खरा ठोका मारतो, त्यामुळे तुम्हाला जोर लावावा लागत नाही, फक्त सरळ धरावं लागतं. त्याचा बिटही वेगळा असतो, खाचा असलेला, एसडीएस प्लस म्हणतात तो. साध्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या बिट धरणाऱ्या तोंडात, तो बसत नाही.

तुमच्या खिडकीला दोनच ब्रॅकेट असतील तर त्यासाठी मशीन विकत घेण्यापेक्षा तासाभरासाठी भाड्याने आणा, किंवा ओळखीच्या फिटरला बोलवा. साध्या हॅमर ड्रिलने करायचंच असेल तर नवा, धारदार, कार्बाइडच्या टोकाचा बिट घ्या, आधी ५ मग ६ असं करा आणि अडलं की थांबा. जाड स्टीलचा खिळा भोकात धरून हातोडीचे तीन-चार ठोके मारा, म्हणजे आडवी आलेली खडी फुटते. मग पुन्हा ड्रिल. चिडून मिनिटभर रेटत राहिलात तर बिटाचं टोक लाल होतं आणि मग तो बिट कशातच चालत नाही. तापलेला बिट पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला तडा जातो.

काँक्रीटमध्ये दोनेक ते चार सेंटिमीटर आत बिट अचानक अडला, आवाज धातूचा आला आणि भुग्यात चमक दिसली, तर ती सळई. सळई कापायची नाही. लिंटेल, बीम, कॉलम हे इमारतीचे सांगाडे आहेत. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका आणि चुकलेलं भोक सिमेंटने भरा. रोटरी हॅमरचा बिट सळईत अडकला तर मशीन मनगटाला गरकन पिळते. बाजूचं हँडल त्यासाठी दिलेलं असतं, ते काढून ठेवू नका.

विटेत आणि एएसीमध्ये मात्र रोटरी हॅमरचा ठोका हवाच कशाला? मऊ किंवा जुन्या विटेला हॅमर बंद ठेवून नुसत्या फिरत्या बिटाने भोक पाडलं तर वेळ दुप्पट लागेल, पण भोक गोल आणि मापाचं पडेल. एएसीला तर हॅमर लावायचाच नाही. त्या ब्लॉकमध्ये बहुतांश हवा असते. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास, तर एएसी साधारण ५५० ते ६५० किलो. साधा प्लग तिथे फुगला की आजूबाजूचे बुडबुडे चिरडतो आणि आपल्यासाठीच जागा मोकळी करून देतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, पुढे रोजच्या हलण्याने सुटतं. एएसीसाठी बाहेरून पिळाच्या पंखांचे जाड प्लग मिळतात, ते हातोडीने ठोकून बसवायचे. ते नसतील तर लांब प्लग घ्या, ८० किंवा १०० मिमीचे, आणि भोक प्लगच्या मापापेक्षा १ मिमी लहान पाडा.

पोकळ ब्लॉकमध्येही हॅमर बंद. बाहेरून भोक सुबक दिसतं, पण ठोक्याने आतल्या बाजूचा मोठा टवका उडतो आणि तीन सेंटिमीटरची भिंत दीडच उरते. तिथे स्क्रू ओढला की आत गाठ मारणारा प्लग वापरा, किंवा जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरायचं, घट्ट होणारं चिकट रसायन. दगडी भिंतीबद्दल एवढंच: दगडात पाडा, दरजेत नको. काळ्या दगडाला रोटरी हॅमर लागेल, जांभ्याला विटेसारखं वागवा.

आता मापं. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात आणि हे अगदी साध्या बेरजेचं काम आहे. प्लगवर ६ लिहिलं असेल तर बिट ६ चा, ८ असेल तर ८ चा. ६ च्या प्लगला ४ ते ५ मिमी जाड स्क्रू, ८ च्या प्लगला ५ ते ६ मिमी. नंबराने स्क्रू घेत असाल तर ८ नंबर म्हणजे सुमारे ४.२ मिमी आणि १० नंबर म्हणजे सुमारे ४.८ मिमी. बारीक स्क्रू घातला तर प्लग पुरता फाकतच नाही. तुमचा फिरणारा प्लग यातूनही आला असू शकतो.

लांबी अशी काढा. समजा ब्रॅकेटचा पत्रा ३ मिमी, प्लास्टर १५ मिमी, प्लग ८ चा, ४० मिमी लांब. प्लग प्लास्टरच्या पलीकडे, पूर्ण विटेत बसला पाहिजे आणि स्क्रूचं टोक प्लगमधून स्क्रूच्या जाडीएवढं बाहेर निघालं पाहिजे. ३ अधिक १५ अधिक ४० अधिक ५, म्हणजे ६३. ६५ मिमीचा स्क्रू घ्या. भोक त्याहून थोडं खोल, ७० मिमी. तुमचा दीड इंची स्क्रू म्हणजे जेमतेम ३८ मिमी. हा फरक पाहिलात तर मशीनचा विषय आपोआप मागे पडतो.

खोली मोजायला बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, ७० मिमीवर. प्लग आत ढकलायला आधी स्क्रू दोन आटे त्यात फिरवा, मग हातोडीने हलके ठोकत प्लास्टरच्या आत न्या आणि स्क्रू काढून घ्या. प्लग पृष्ठाशी सपाट ठेवला की स्क्रू घट्ट करताना प्लास्टर ताटलीसारखं फुगून पोपडा निघतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

भोक पाडताना पेन्सिलने ठिपका नको, अधिकची खूण करा, म्हणजे बिट सरकला तर कळतं. खिळ्याने तिथे छोटा खड्डा करा. सुरुवात हॅमर बंद ठेवून, मंद गतीने. बिटाने जागा धरली की हॅमर आणि वेग. मशीन भिंतीला काटकोनात आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला कळत नाही, बाजूला उभ्या माणसाला कळतं. एकटे असाल तर भिंतीवर छोटा आरसा टेकवून बिट आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत येतंय का ते बघा. दर दोन सेंटिमीटरला बिट फिरत असतानाच बाहेर काढा, भुगा निघू द्या. आणि भोक पूर्ण झालं की बिट आतबाहेर चार वेळा घासत बसू नका; त्यानेच तोंड रुंद होतं.

भुगा काढणं हे काम लोक टाळतात. भुग्यावर बसलेला प्लग बॉल-बेअरिंगवर बसल्यासारखा असतो. फुंकर मारू नका, ते सगळं डोळ्यांत येतं. छोटा हातपंप किंवा व्हॅक्यूम घ्या, आत बारीक ब्रश फिरवा, पुन्हा पंप. खाली जमिनीवर पसारा नको असेल तर कागदी पाकीट अर्धं दुमडून भोकाखाली चिकटवा. चष्मा आणि मास्क दोन्ही लावा, आणि मास्क साधा कापडी नको, एन-९५ किंवा तसा. काँक्रीट, वीट आणि दगडाच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. कामाच्या जागी ती सतत श्वासातून जाणं कर्करोगाचं कारण ठरतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच नोंदवलं आहे. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याचा धोका त्या मानाने किरकोळ, पण मास्क लावायला कष्ट किती?

याहून मोठा धोका भिंतीत लपलेला असतो. वायरिंगचे पाइप बहुतेक वेळा स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली, नाहीतर दोन बोर्डांच्या मध्ये आडवे गेलेले असतात. बोर्ड, सॉकेट, भिंतीवरचा दिवा यांच्या रेषेत दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जागा सोडा. वायरमनने तिरका शॉर्टकट मारलेलाही असतो, त्यामुळे नियमावर पूर्ण भिस्त नको. त्या खोलीचा पुरवठा बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि मशीन दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घेऊन चालवा. बाथरूम आणि स्वयंपाकघरात नळाच्या, गरम-गार पाण्याच्या मिक्सरच्या, गिझरच्या पॉइंटच्या वर-खाली तीच काळजी. प्लास्टिकचे पाइप धातू शोधणाऱ्या डिटेक्टरला दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा. घराचं काम चालू असेल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजायची टेप लावून, फोटो काढून ठेवा. पुढे दहा वर्षं उपयोगी पडतो.

टाइल असेल तर आधी तिच्यावर बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट नाही, ती टाइल फुटणार, दुसरी निवडा. चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा. साध्या ग्लेझ्ड टाइलला काचेसाठीचा, भाल्याच्या टोकासारखा बिट पुरतो. व्हिट्रिफाइडला डायमंड बिट आणि थोडं पाणी लागतं, त्यामुळे तिथे बॅटरीवरचं मशीन वापरा. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद म्हणजे बंद. कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत जाऊ नका. प्लग टाइलच्या मागे जाऊ द्या, टाइलमध्ये फुगला तर तडा नक्की. ओल्या जागी भोकात सिलिकॉनचा थेंब सोडून मग स्क्रू, आणि स्क्रू स्टेनलेसचा.

स्क्रूवरून आठवलं. काळे स्क्रू, जिप्सम बोर्डाचे, सगळीकडे सर्रास वापरले जातात. ते कडक पण ठिसूळ असतात. वजनाने आडवा दाब आला की मान तुटते. जड वस्तूला ते नकोत.

वजनाचा हिशेब लोक किलोत करतात, पण भिंतीला अंतरही मोजावं लागतं. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे स्क्रू २० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि २० किलोचं सामान भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारं बळ २० गुणिले १५ भागिले २०, म्हणजे १५ किलोचं. चांगल्या विटेतला ८ चा प्लग हे सहज धरतो. आता तोच २० किलोचा टीव्ही बाहेर येणाऱ्या हातावर लावा आणि भिंतीपासून ५० सेंटिमीटर ओढा. वरच्या स्क्रूंवर मिळून ५० किलो. ब्रॅकेट बुटकं असेल, स्क्रूंमध्ये १० सेंटिमीटरच असतील, तर १०० किलो. टीव्हीचं वजन तेवढंच आहे! म्हणून खोल शेल्फला उंच ब्रॅकेट घ्या आणि वरचं भोक सगळ्यात चांगल्या विटेत येईल असं बघा. खालचं थोडं उन्नीस-बीस चालतं.

गिझर, बाहेर येणाऱ्या हातावरचा टीव्ही, भिंतीला टांगलेलं कपाट यांना अँकर बोल्ट, म्हणजे आत फाकणारा धातूचा बोल्ट, ठोकायची सवय आहे. काँक्रीटमध्ये तो उत्तम. विटेत, विशेषतः कडेजवळ, तो फाकताना वीटच फोडतो. तिथे केमिकल अँकर चांगला, कारण तो फुगत नाही, चिकटतो. भोक अगदी स्वच्छ हवं, नळीतून पहिले काही सेंटिमीटर रसायन एकसारखा रंग येईपर्यंत फेकून द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय वजन टांगू नका. थंडीत तो वेळ वाढतो. भिंत एएसीची असेल आणि गिझर २५ लिटरचा, तर पाण्याचंच वजन २५ किलो आणि टाकीचं वेगळं. हे काम स्वतः करू नये असं माझं मत आहे.

राहिली तुमची हॉलमधली बिघडलेली भोकं. काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू पिळणं हा उपाय चित्राच्या फ्रेमला ठीक, शेल्फला नाही. पीओपी किंवा व्हाइट सिमेंटने भरून त्याच दिवशी प्लग मारणं त्याहून वाईट, ते दोन्ही ठिसूळ. भोक आत विटेत असेल तर ते ८ चं करा, ७० मिमी खोल न्या, वर सांगितल्याप्रमाणे ४० मिमीचा प्लग प्लास्टरच्या पलीकडे बसवा. तीन भोकं तरी अशाने वाचतील. ज्यात प्लग फिरला ते बहुधा सांध्यात आहे. त्यात केमिकल अँकर भरा, किंवा ब्रॅकेट चारेक सेंटिमीटर वर घ्या आणि जुनं भोक ओलं करून सिमेंट-वाळूने बुजवा. नवीन भोक जुन्याला खेटून पाडू नका. मधला विटेचा तुकडा सुटून दोन्ही भोकांचं एक होतं. चारही ठिकाणी लाल पूड येतेय याची खात्री करून मगच प्लग ठोका.